दुर्बीणबाई आणि उपऱ्या

बियाणं केंद्रावरच्या बायका सासूबाईंना तोंडावर 'मोठ्या बाई' म्हणत आणि पाठ फिरली की 'दुर्बीणबाई'. हे दुसरं नाव सासूबाईंच्या कानावर कधीच गेलं होतं आणि मनातून त्यांना ते आवडतही होतं. पण तसं कबूल करतील तर त्या सासूबाई कसल्या! भाताची रोपं गुडघ्याला लागली की त्या बांधावर उभ्या राहत, बाह्या वर सारत, डोळे बारीक करत आणि जागेवरूनच बोट दाखवत. "तो रोपांचा वाकडा चूड दिसतोय ना, त्याच्या पलीकडे हातभर. काढ त्याला." एखादी बाई चिखल तुडवत जाई, रोप उपटे, आणि दर वेळी तो उपऱ्याच निघे.

उपऱ्या हे एका तणाचं नाव. पुस्तकात त्याचं नाव लांबलचक आहे, पण केंद्रावर कुणाची जीभ तेवढी वळत नसे. हे तण भाताच्या वाफ्यात भातासारखंच वाढतं, भाताचं खतपाणी खातं आणि भाताच्या जोडीने पिकून आपलं बी त्यात मिसळून देतं. शेतकऱ्याच्या शेतात चार उपरे निघाले तर तो दोन शिव्या घालून गप्प बसेल. पण हे बियाणं केंद्र; इथली पोती गावोगाव जाणार. सासूबाई म्हणत, "तांदळात खडा आला तर एकाचा दात दुखतो. बियाण्यात उपऱ्या आला तर अख्खा गाव दुखतो."

त्याला ओळखायच्या खुणा दोन. बुडाशी लाली आणि अंगाचा अघळपघळपणा. भात कसा हिरवागार, ताठ, शिस्तीत उभा; उपऱ्या मात्र पाहुण्यांच्या गादीवर लोळणाऱ्या मेव्हण्यासारखा हातपाय पसरलेला. तीसएक वर्षं सासूबाईंनी या दोन खुणांच्या जोरावर निंदणीच्या टोळीवर राज्य केलं होतं.

त्यांची सून त्याच केंद्राच्या तपासणी खोलीत कामाला होती. खरं तर ती आधी तपासनीस म्हणून आली आणि सून नंतर झाली. नमुने घ्यायला ती वाफ्यावर जाई, तेव्हा सासूबाईंनी तिला बांधावरूनच हेरलं होतं. "हिच्या ओठात एक आणि पोटात एक नाही," असं त्यांनी घरी जाऊन जाहीर केलं आणि महिन्याभरात आपल्या मुलाला तिच्यापुढे उभं केलं. मुलगा घड्याळजी, दिवसभर डोळ्याला भिंग लावून बसणारा, बोलायला अवघडणारा. सून अजून नवऱ्याला चिडवायची, "मी तुम्हाला कुठे पसंत केलं? मला तर आईंनी वाफ्यातून निवडून आणलं."

सासू-सुनेत एक करार होता: वाफ्यातलं वाफ्यात, घरातलं घरात. सासूबाईंच्या टोळीने निंदलेल्या भाताचं बी शेवटी सुनेच्याच टेबलावर येई, म्हणून तो करार गरजेचा होता. तो वर्षानुवर्षं पाळला गेला, कारण सुनेला त्या बियाण्यात नोंदवण्यासारखं काही सापडतच नसे.

त्या हंगामात मात्र सापडलं.

सुनेने नमुना पांढऱ्या फरशीवर ओतला, दिवा जवळ ओढला आणि चिमट्याने दाणे सरकवू लागली. सोनेरी, फुगीर भाताच्या दाण्यांत उपऱ्याचं बारीक, करडं बी लपत नाही. एक दिसलं. मग दुसरं. मग तिने मोजणं थांबवलं आणि नमुना घेण्यात आपलीच चूक झाली असेल, अशी स्वतःची समजूत घालून दुसऱ्या पोत्यातून नमुना आणला. त्यात पहिल्याहून जास्त निघाली. आधीच्या हंगामातही एक-दोन बिया निघाल्या होत्या आणि तिने त्या वाऱ्यावरून आल्या असतील म्हणून सोडून दिल्या होत्या. वाऱ्याला दोष देणं सोपं असतं. तो उलटून बोलत नाही.

केंद्राचे मोठे साहेब भले गृहस्थ होते. त्यांनी सुनेला खोलीत बोलावलं आणि दार स्वतः लोटून घेतलं.

"तुमच्या घरातली गोष्ट आहे, म्हणून आधी तुम्हाला सांगतो," ते म्हणाले. "वय कुणाला चुकलंय? बाईंची नजर गेली. पुढच्या पेरणीला त्यांना टोळीवरून मोकळं करू. अगदी मानाने. हारतुरे, भाषण, सगळं करू. तुम्ही तपासणीच्या अहवालात फक्त कारण लिहून द्या, निंदणीत तण ओळखू आलं नाही म्हणून."

"पेरणीपर्यंत वेळ आहे ना, साहेब?"

"आहे."

"मग मला तेवढा द्या. कारण काय आहे ते बघते आणि मग लिहिते."

साहेबांनी मान हलवली. सून बाहेर पडली तेव्हा तिला आठवत होता तो लग्नाआधीचा दिवस. बांधावर उभी असलेली ती किरकोळ अंगाची बाई आणि तिच्या बोटाच्या दिशेने धावणारी सगळी टोळी. सुनेने आयुष्यात शिकलेली माणसं पुष्कळ पाहिली होती, पण बघणं म्हणजे काय ते तिला त्या बांधावर कळलं होतं. तेच आता आपल्या सहीने खोटं ठरणार, हे तिला गिळवत नव्हतं.

घरी करार मोडला. सुनेने जे होतं ते सांगून टाकलं.

"माझी नजर गेली?" सासूबाईंचा आवाज शेजारच्या घरात गेला असणार. "जिची नजर गेली तिला आधी स्वतःला कळतं. त्या दिवशी मी खुरपं ठेवीन, कुणी सांगायला नको!"

"आई, एकदा डॉक्टरांना दाखवू," मुलगा खाली मान घालून म्हणाला. "दिसेलच ना काय ते."

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे सासूबाई रागाने ताठ बसल्या. समोरच्या तक्त्यावरची मोठी अक्षरं त्यांनी तुच्छतेने वाचली, मधली घाईघाईने वाचली, अगदी शेवटची ओळ वाचली आणि मग विचारलं, "त्याच्या खाली छापखान्याचं नाव आहे, तेही वाचू का?" डॉक्टरांनी उठून तक्त्याजवळ जाऊन पाहिलं. खरंच होतं. "यांना कशासाठी आणलंत?" असं त्यांनी मुलालाच विचारलं.

परत येताना सासूबाईंची स्वारी खुशीत होती. सून मात्र मागे मागे चालत होती. डोळे अधू असते तर वयावर भागलं असतं. डोळे शाबूत आहेत म्हटल्यावर उरला तो हलगर्जीपणा. दुसऱ्या दिवशी ही बातमी केंद्रावर पोचली आणि टोळीतल्याच कुणीतरी, जिला सासूबाईंनी पूर्वी कधी तरी फैलावर घेतलं होतं, म्हणून टाकलं, "दिसतं सगळं, पण बघायचं कुणाला असतं?" ते सासूबाईंनी ऐकलं. त्या गेल्या, कोपऱ्यातल्या नळावर हात धुतले, आधीच स्वच्छ असलेले हात पुन्हा धुतले आणि घरी निघून आल्या.

एक वाफा उशिरा लावलेला होता, त्यातल्या भाताला अजून लोंब्याही आल्या नव्हत्या. सून सासूबाईंना म्हणाली, "चला, आपण दोघीच जाऊ. तुम्ही मला दाखवा."

"काय दाखवू? माझ्यामागे आता मांजर तरी येईल का?"

"मी येतेय ना."

दोघी वाफ्यात उतरल्या. पाणी घोट्याला गार लागत होतं. सासूबाई पुढे, सून मागे. सासूबाई एकेका चुडावरून नजर फिरवत म्हणत गेल्या, "भात. भात. भात. हाही भात." लाल बुडाचं एकही रोप नव्हतं, अघळपघळ एकही नव्हतं. सुनेनेही तेच पाहिलं. मग तिला कॉलेजात शिकलेली एक गोष्ट आठवली. भाताचं पातं जिथे दांड्याला चिकटतं, तिथे एक पातळ पांढरी जीभ असते. उपऱ्याला ती नसते.

"ते मलाही माहीत आहे," सासूबाई फणकारल्या. "पण लाख रोपांच्या जिभा बघत बसले तर भात पिकून, खाऊन, पचून जाईल."

सून मात्र बघत गेली. एका रोपाला जीभ होती, दुसऱ्याला होती, पुढच्यालाही होती. आणि मग एका हिरव्यागार, ताठ, देखण्या रोपाचं पातं तिने मागे ओढलं आणि तिथे काहीच नव्हतं.

"आई. हा उपऱ्या आहे."

"डोकं फिरलं का तुझं? हा भात आहे."

सुनेने दांड्याभोवतीचं वेष्टण हलक्या हाताने सोलत नेलं. आत अजून बाहेर न पडलेली लोंबी होती. करडी, काटेरी, उपऱ्याची. तिने ती सासूबाईंच्या तळहातावर ठेवली. सासूबाईंनी आधी त्या लोंबीकडे, मग त्या रोपाच्या बुडाकडे पाहिलं. राग नव्हता, कुरकूर नव्हती. त्यांनी एवढंच विचारलं, "याची लाली कुठे गेली?"

सून पुढे कित्येकांना सांगत आली, की त्या सगळ्या प्रकरणात खरा प्रश्न तेवढा एकच होता आणि तो सासूबाईंनी विचारला.

पंपघराच्या मागे एक जुना पाट होता. तिकडे निंदणीची टोळी कधी फिरकत नसे, कारण तिथे भातच नव्हता. सून तिथे गेली तर पाटाच्या कडेने उपऱ्यांचं रान माजलेलं. सगळे लाल बुडाचे, सगळे आडवेतिडवे पसरलेले, जुन्या ओळखीचे. वाफ्यातला उपऱ्या हिरवा आणि पाटावरचा लाल. कुणी म्हणेल, वाफ्यात खत जास्त म्हणून हिरवा. साहेबही हेच म्हणतील. म्हणून सुनेने पाटावरचं बी गोळा केलं, वाफ्यातलं नमुन्यांतून वेचलं, घराच्या गच्चीवर जुने डबे मांडले, सगळ्यांत एकाच ढिगाऱ्यातली माती भरली, एकाच बादलीतलं पाणी घातलं. डाव्या हाताला पाटावरचं बी, उजव्या हाताला वाफ्यातलं, आणि मध्ये दोन डब्यांत खरा भात.

नवऱ्याला ती म्हणाली, "तुमचं भिंग मला संध्याकाळचं लागेल."

"आणि घड्याळं?"

"ती कुठे पळून जातात?"

नवऱ्याने भिंग दिलं. घड्याळजी तो, बारीक वस्तूंवर जीव टाकणाऱ्या बायकोचं त्याला कौतुकच होतं. रोपं उगवून वर येऊ लागली तशी सून रोज भिंग डोळ्याला लावून त्यांच्या बुडाशी वाकू लागली. सासूबाई "मला काय करायचंय तुमच्या डब्यांशी" असं म्हणत, आणि दिवसातून चार वेळा कपडे वाळले का ते बघायला गच्चीवर येत. कपडे वाळत घातलेले नसले तरी येत.

डब्यांनी निकाल दिला. पाटावरचं बी लाल आणि लोळणारं निघालं. वाफ्यातलं बी हिरवं आणि ताठ. शेजारी भात ठेवला तर दोघे सख्खे भाऊ वाटावेत. माती एक, पाणी एक, ऊन एक. म्हणजे हा फरक खतपाण्याचा नव्हता, रक्ताचा होता. आणि वाफ्यातल्या बियांतही सगळी रोपं सारखी नव्हती. एखाद्याच्या बुडाशी अजून गुलाबी झाक होती, भिंगाशिवाय न दिसणारी. ती पाहिली तेव्हा सून जमिनीवरच बसली. तिला सगळं एकदम दिसलं.

सासूबाई नेहमीप्रमाणे न वाळलेले कपडे बघायला आल्या होत्या. "काय गं? चक्कर आली का?"

"आई, बसा इथे. तुम्हाला एका माणसाची गोष्ट सांगते."

"कामाची आहे का?"

"फार कामाची आहे. फार वर्षांपूर्वी एक माणूस होता. तरुणपणी जहाजातून जगभर हिंडून आला आणि मग घरी बसून वीस वर्षं नुसता विचार करत राहिला."

"बायको काही म्हणाली नाही?"

"सवय झाली असेल तिला. तर हा माणूस कबुतरं पाळणाऱ्यांकडे जाऊन बसायचा. ते म्हणायचे, आम्ही काही विशेष करत नाही, आवडलेलं पिल्लू ठेवतो आणि नावडतं काढून टाकतो. पण असं बापाने केलं, मुलाने केलं, नातवाने केलं, आणि एका कबुतराचा गळा फुग्यासारखा झाला, दुसऱ्याची शेपटी पंख्यासारखी. नवीन जात घडवायचं कुणाच्या मनातही नव्हतं. त्यावरून त्याच्या डोक्यात आलं, की निवडणारा हात नसला तरी निवड होतच असणार. थंडी निवडते, भूक निवडते, ससाणा निवडतो. जे मरतं त्याला पिल्लं होत नाहीत. जे वाचतं, त्याच्यासारखी पुढची पिढी. अशा किती तरी पिढ्या गेल्या, की प्राणी ओळखू येत नाही इतका बदलतो."

"मग पिल्लं आईबापांसारखी का होतात?"

"तेच त्याला मरेपर्यंत नीट कळलं नाही! त्याच काळात एका मठात एक साधू मटारची रोपं लावून नेमकं तेच शोधत होता. दोघांची गाठ कधी पडलीच नाही. दोघांचं म्हणणं जुळवायला पुढच्या लोकांची आणखी एक पिढी खर्ची पडली."

"माणसं जवळजवळ असून भेटत नाहीत ती अशी," सासूबाई म्हणाल्या. मग डब्यांकडे वळून बघत, जरा सावकाश, "आणि माझ्या वाफ्यात निवडणारं कोण?"

सुनेने त्यांच्या हातांकडे बोट दाखवलं. सासूबाईंचा चेहरा आधी पांढरा पडला आणि मग लाल झाला.

"म्हणजे तीस वर्षं मी या चोराला वेष शिवून देत होते?"

"चोराला काहीच ठाऊक नाही, आई. त्याला डोकं नाही, डोळे नाहीत, बेत नाही. जो लाल होता तो तुमच्या हातून मेला. एखादा जरासा कमी लाल होता, तो कसाबसा वाचला आणि बी टाकून गेला. पुढच्या वर्षी त्याची पोरं उगवली. त्यातलीही सगळ्यात लाल ती तुम्ही काढली. दर वर्षी तेच. तुम्ही चाळत गेलात आणि तो हिरवा होत गेला."

"दुसरी कुणी असती तर?"

"दुसरी कुणी अर्ध्या डोळ्याने निंदणारी असती, तर लाल उपरेही वाचले असते आणि हा अजून लालच असता. पाटावर बघा ना. हा इतका हुबेहूब भातासारखा झाला, कारण कुणीतरी इतकं बारीक बघत होतं."

सासूबाई उठून खाली गेल्या. त्या दिवशी त्या जेवायला बसल्या खऱ्या, पण सुनेच्या हातून काही वाढून घेतलं नाही. आपण केलेल्या कामाने आपलंच काम बिघडवलं, हे ऐकून कुणाला गोड लागेल? सुनेलाही वाटलं, की आपण वाचवायला गेलो आणि जखमेवर मीठ चोळून बसलो.

पेरणी जवळ आली तेव्हा साहेब स्वतः गच्चीवर आले. सुनेने आधी काही सांगितलं नाही. तिने डबे एका रांगेत लावले होते आणि एवढंच विचारलं, "यातला भात कुठला, साहेब?" साहेब वाकले, चष्मा वर केला, खाली केला आणि हसत हात वर केले. मग सुनेने पाटावरचे डबे पुढे ओढले, रोपांच्या जिभा दाखवल्या, सगळं पहिल्यापासून सांगितलं. साहेब हळूहळू गच्चीच्या कठड्यावर टेकले. केंद्राच्या नोकरीआधी ते काही वर्षं कॉलेजात शिकवत आणि कबुतरांची गोष्ट त्यांनीही वर्गात पुष्कळदा सांगितली होती.

"हे असं पुस्तकातून बाहेर येऊन समोर उभं राहिलेलं मी कधी पाहिलं नव्हतं," ते म्हणाले. "बाई कुठे आहेत?"

सासूबाई जिन्यातच होत्या. ऐकत होत्या हे वेगळं सांगायला नको.

"बाई," साहेब उभे राहून म्हणाले, "मी म्हणालो होतो, तुमची नजर गेली. ते मी मागे घेतो. टोळीसमोर घेईन. पण एक गोष्ट बदलता येणार नाही. बियाण्याच्या वाफ्यात आता नजरेने निंदून चालणार नाही. दोरी धरून ओळीत लावणी करू आणि ओळीबाहेर जे उगवेल ते सरसकट काढू. भात असो नाहीतर उपऱ्या."

"म्हणजे नजर नको, दोरी हवी," सासूबाई म्हणाल्या.

"तिथे दोरी. नजर मला दुसरीकडे हवी आहे. दोन वाफे वेगळे ठेवतो. दोन्हीत पाटावरचा लाल उपऱ्या पेरायचा. एकात कुणीच हात घालायचा नाही. दुसऱ्यात तुम्ही निंदायचं, जसं इतकी वर्षं निंदलंत तसं. दर वर्षी काय बदलतं ते तुमची सून नोंदवेल. जे नकळत घडलं ते या वेळी डोळ्यांदेखत घडताना बघू."

"आणि मी म्हातारी झाले तर?"

"म्हणून तर लवकर सुरू करू."

सासूबाईंनी होकार दिला नाही. "बघू," म्हणाल्या. त्यांच्या तोंडून निघालेला 'बघू' म्हणजे हो, हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. साहेब जिना उतरता उतरता म्हणाले, की या हिरव्या उपऱ्याला बाईंचं नाव द्यायला हवं. "नको हो," सासूबाईंनी वरूनच सांगितलं. "तणाला सासूचं नाव! लोक म्हणतील सुनेने सूड उगवला."

सुनेने तपासणीच्या अहवालात कारण त्याच दिवशी लिहिलं. तिने लिहिलं, की निंदणी अतिशय काळजीपूर्वक झालेली आहे आणि बिघाडाचं कारण तेच आहे. आणि खाली सही केली.

काही आठवड्यांनी, डब्यांतली रोपं पिकून गेल्यावर, एकदा ऊन कलताना ती भिंग परत करायला निघाली होती, तेव्हा गच्चीवर तिला सासूबाई दिसल्या. त्या उजव्या हाताच्या डब्यांपाशी मांडी घालून बसल्या होत्या आणि तांब्याने पाणी घालत होत्या. ज्याला जन्मभर मुळासकट उपटलं, त्याला. सून दारातच थांबली.

"ये गं," सासूबाई मागे न बघता म्हणाल्या. "मी याच्यावर चिडले होते. आता वाटतं, बिचाऱ्याचा काय दोष. आणि काय नेटकं काम झालंय बघ. मी बुडाकडे बघायचे, तर बूड हिरवं. मी उभं राहणं बघायचे, तर हा ताठ. जिभा मी कधी बघितल्या नाहीत, तर तिथे काही म्हणजे काही बदललेलं नाही." त्यांनी एक पातं बोटांवर घेतलं. "तीस वर्षं मी काय बघत होते आणि काय बघत नव्हते, हे याच्याइतकं कुणालाच माहीत नाही. तुझ्या सासऱ्यांनाही नव्हतं."

सून त्यांच्याशेजारी येऊन बसली. तेवढ्यात तिने पाहिलं, की बोलता बोलता सासूबाईंचा दुसरा हात डब्यात गेला होता. रोपांनी खाली सांडलेल्या बियांची नवी, बोटभरही नसलेली पोरं मातीतून वर आली होती, आणि सासूबाईंच्या बोटांनी त्यातलं एक चटकन उपटून बाजूला टाकलं.

"आई! हे काय केलंत?"

"काय केलं?" सासूबाईंनी चमकून स्वतःच्या हाताकडे पाहिलं, जणू तो शेजारणीचा होता. "अगंबाई. हात गेला. लाल होतं ते."

"लाल कुठलं? सगळी हिरवी आहेत."

सुनेने ते रोपटं फरशीवरून उचललं, उजेडाकडे धरलं. हिरवं होतं. तिने नवऱ्याचं भिंग डोळ्याला लावलं, रोपटं अगदी जवळ आणलं, बोटांत जरासं फिरवलं. बुडाशी, मुळाच्या अगदी वर, केसाइतकी बारीक एक लाल रेघ होती.

तिने भिंग काढलं आणि सासूबाईंपुढे धरलं.

"मला कशाला?" सासूबाई म्हणाल्या. "मला दिसतंय."